झाडे काकाजींची डावी बाही

झाडे काकाजींनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला नाही. बाही घेतली. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मी फाटकाला रंग देत उभा होतो. समोरच्या घरातून पांढरा हाफ शर्ट घातलेले, साठीचे एक गृहस्थ आले. त्यांनी माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि देवघरापुढे उभं राहावं तसे उभे राहिले. माझा ब्रश हवेतच. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "टेरीकॉट." आणि मग, "मी झाडे. एस्टीत कंडक्टर होतो. चहा प्यायले या."

शर्ट सुती होता. मी तसं सांगितलंही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा चिमूट चोळली आणि माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "दुकानदारानं फसवलं बावा तुले."

काकाजींचं निदान बहुतेक वेळा चुकायचं. पण चुकणाऱ्या माणसाचा आवाज जसा जरा खाली यायला हवा, तसा त्यांचा कधी आला नाही. कॉलनीतल्या एका लग्नात ते थेट स्टेजवर गेले आणि नवरदेवाच्या शेरवानीची बाही धरून डोळे मिटून उभे राहिले. त्या अल्बमात एक फोटो आहे. नवरी कॅमेऱ्याकडे बघते आहे, नवरदेव काकाजींकडे बघतो आहे, आणि काकाजी कुणाकडेच बघत नाहीत. बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या माणसाची बाही धरली, तो साध्या कपड्यातला फौजदार निघाला. "काय पाहिजे?" म्हणून त्यानं दरडावलं. काकाजी म्हणाले, "काई नाई साहेब. हाताले समजलं पाह्यजे, म्हून पाह्यलं."

"हाताले समजलं पाह्यजे." हे त्यांचं पालुपद. टॉवेल असो, पडदा असो, माझ्या बायकोची नवी साडी असो. साडीच्या वेळी मात्र ते आधी परवानगी घ्यायचे आणि पदराचं फक्त टोक धरायचे.

काकू बाहेर दिसत नसत. त्यांचे गुडघे दुखतात, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. चहा काकाजीच करायचे, काकाजीच आणून द्यायचे. आतून काकूंचा खणखणीत आवाज यायचा, "कोन आलं?" आणि मी खोकलो की, "प्रमोद होय का? बस बावा." वर्षभर शेजारी राहून काकूंची आणि माझी ओळख एवढीच होती.

आता थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल, कारण या गोष्टीतलं हसू बरंचसं माझ्याच अंगावर आहे.

मी कापसाच्या बियाण्यांच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी होतो. मोटरसायकलवर गावोगाव फिरून बियाणं विकायचो. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, सायबर कॅफेत बसण्याची मला चटक लागली होती, आणि तिथे एक दिवस मला कळलं की परदेशात म्हणे एकेक नग छापून कपडे विकतात. गिऱ्हाइकानं चित्र निवडायचं, मग तेवढाच एक शर्ट छापायचा. गोदाम नको, शिल्लक माल नको. मी त्या रात्री जेवलो नाही. कापूस आपला, मग शर्ट दुसऱ्याचा का, असा प्रश्न मला पडला. बियाणं विकताना तो कधी पडला नव्हता.

मी नोकरी सोडली आणि ब्रँड काढला. साधा नाही, प्रीमियम. नाव ठेवलं 'धाम'. आमच्या धाम नदीवरून. त्याखाली इंग्रजीत 'सिग्नेचर वेअर'. कांदे ठेवायच्या खोलीतून कांदे बाहेर काढले, तिथे टेबल टाकलं, आणि व्हिजिटिंग कार्डावर स्वतःला 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' छापून घेतलं. कार्डं वाटल्यावर पहिला फोन आला तो सेलूहून. चारधामच्या गाडीत दोन सीट मिळतील का, असं विचारत होते. दुसराही तसलाच. माझी बायको सुनीता शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "गाडीच काढ ना त्यापेक्षा. गिऱ्हाईक तरी तयार आहे."

पण एक खरी आशा होती. नागपुरात धरमपेठेत कपड्यांचं एक उंची दुकान होतं. त्याच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "दिवाळीच्या आधी नमुने दाखवा. आवडले तर ठेवू." सुनीतानं तेवढीच मुदत दिली. बाईंनी हो म्हटलं तर धाम, नाही म्हटलं तर पुन्हा बियाणं. म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. कापड चांगलं मिळालं होतं, चित्रं काढून झाली होती. छापणारा हवा होता. एकेक नग छापणारा आणि प्रीमियम छापणारा.

हे मी काकाजींना सांगितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा काही ब्रँड त्यांचाच आहे. "मी येतो तुयासंगं," ते म्हणाले. "छापनारा मी पारखतो. तुले त्यातलं नाई समजत."

मला त्यातलं खरंच काही समजत नव्हतं. मी त्यांना 'क्वालिटी कंट्रोल' असं पद देऊन टाकलं. कार्ड छापायचं तेवढं राहिलं.

पहिला छापणारा आर्वी नाक्याजवळचा गजू. तो निवडणुकीची उपरणी, मंडळांचे टी-शर्ट, लग्नाच्या पिशव्या असलं छापायचा. स्क्रीन म्हणजे चौकटीत ताणलेली जाळी; तिच्यावर शाई ओतून रबराची पट्टी ओढायची, की खाली छाप उठतो. मी माझं कार्ड पुढे केलं आणि प्रीमियम म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. काकाजींनी मला हातानं बाजूला केलं.

"एकच नग छापतं का?"

गजू म्हणाला, "एक? पन्नासच्या खाली मी स्क्रीनच नाई बनवत, काकाजी."

"बाहीवर छापतं का?"

गजूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं, वा! काय प्रश्न आहे. जो बाहीच्या अरुंद जागेवर छापू शकतो, तो कुठेही छापू शकेल. मी खिशातून पेन काढून हातावर लिहून घेतलं, 'बाही.'

गजू म्हणाला, बाहीवर छापता येईल. मग काकाजींनी तिथे वाळत घातलेली कबड्डी संघाची एक बनियान उचलली. तिच्यावरचा वाघ जाड, फुगीर शाईत होता. गरम इस्त्री फिरवली की ती शाई फुगून वर येते, असं गजूनं सांगितलं. काकाजींनी डोळे मिटून वाघावरून अंगठा फिरवला. कानापासून शेपटीपर्यंत. पुन्हा फिरवला. "हाताले समजते," ते हळूच म्हणाले.

मला तो वाघ बघवत नव्हता. शाई पोळीवरच्या फोडासारखी वर आलेली. धरमपेठेतल्या बाईंसमोर हा वाघ ठेवला तर त्या मला कबड्डीच्या मैदानावरच पाठवतील, असं मी बाहेर आल्यावर म्हणालो. काकाजी मागे वळून दुकानाकडे बघत होते. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "पन्नास म्हन्ते लेकाचा."

दुसरा होता एक फोटो स्टुडिओवाला. वाढदिवसाच्या कपांवर आणि टी-शर्टवर फोटो चिकटवून द्यायचा. एक नग? छापतो. मी खूश. पण बाही म्हटल्याबरोबर तो हसला. त्याच्या गरम दाबायच्या मशीनखाली बाही बसत नव्हती. नमुना हातात घेऊन काकाजींनी डोळे मिटले आणि या वेळी त्यांचं निदान चक्क बरोबर आलं. "रेनकोट," ते म्हणाले.

मग आम्ही नागपूरला गेलो. तिथे एका कारखान्यात नवं मशीन आलं होतं, कागदावर छापतात तसं थेट कापडावर छापणारं. एक नग? हो. बाही? हो. काम एवढं तलम की छाप कुठे सुरू होतो ते बोटांना कळूच नये. मशीन दाखवणारा माणूस अभिमानानं म्हणाला, "हात फिरवून बघा. काहीच लागणार नाही."

काकाजींनी डोळे मिटून हात फिरवला. फार वेळ फिरवला. मग शर्ट घडी करून त्या माणसाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "खरंच काई नाई लागत."

मला वाटलं, ही पसंती. मी तिथेच नमुन्यांची ऑर्डर दिली. परतीच्या गाडीत मी काकाजींना प्रीमियम या विषयावर वर्ध्यापर्यंत ऐकवलं. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. सेलू गेल्यावर एकदाच म्हणाले, "त्या गजूले पुन्हा एकदा विचारून पाह्यलं तं?"

मी मोठ्या मनानं हसलो. हे हसणं मला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

नमुने आले. सगळ्यात सुंदर होता तो मोराचा शर्ट. छातीभर निळा मोर, पिसारा थेट खांद्यापर्यंत गेलेला. दुसऱ्या दिवशी धरमपेठेत जायचं होतं. त्याआधी तो क्वालिटी कंट्रोलला दाखवावा म्हणून मी समोर गेलो. काकाजी अंगणात शर्ट धूत होते. स्वतःचे पांढरे शर्ट ते स्वतःच धुवायचे. "आत जाय," ते म्हणाले, "हात वले हायेत माये."

काकू खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. पहिल्यांदाच मी त्यांना नीट बघितलं. मी म्हटलं, "काकू, माझा पहिला शर्ट. बघा बरं कसा आहे." आणि तो त्यांच्या मांडीवर पसरून ठेवला.

त्यांनी हात पुसले. मोठ्या प्रेमानं शर्टावरून फिरवले. मोराच्या चोचीवरून, मानेवरून, सगळ्या पिसाऱ्यावरून. शिवण बघितली, गुंड्या मोजल्या. मग चेहरा वर करून माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "कपडा मस्त हाय बावा. मऊ हाय. पन छापाचं काऊन राह्यलं?"

मी दाराकडे बघितलं. काकाजी हातात ओला शर्ट घेऊन उभे होते. पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी मला बोटानं गप्प राहा अशी खूण केली.

 मी म्हटलं, "हो काकू. छापायचा राहिलाय."

"माहीत हाय मले, छापला हाय तो," काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "तुयाच आवाजावरून समजलं. काय हाय त्याच्यावर?"

"मोर."

"मोर! असू दे. ज्याइले डोळे हायेत त्याइले दिसन." मग दाराकडे तोंड करून, "अहो, या ना आत. पोराले सांगून टाका आता. तो काय पेपरात छापते का?"

काकाजी आत आले नाहीत. मग काकूंनीच सांगितलं. नजर हळूहळू कमी होत गेली. मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं, उपाय नव्हता. काकाजी नोकरीत होते तोवर फार अडलं नाही. "खाकीत होते ना, तवा बिल्ला लागत जाय हाताले. पितळेचा. गर्दी असली तरी मी बिल्ला चाचपून पाहो आन् बाही धरो. रिटायर झाले आन् पांढरे झाले. आता सांग, वर्धा जिल्ह्यात पांढरा शर्ट कोन नाई घालत?"

पुढचं सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. केळझरच्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी दोघं गेले होते. गर्दीत हात सुटला. काकूंनी चाचपून पांढरी बाही धरली आणि चढावरून बोलत बोलत खाली आल्या. "तुरीच्या डाळीचं बोलली. घर गळते त्याचं बोलली. तो मानूस आपला हो-हो करत जाय. त्याले वाटलं, बायकोच्या माहेरची कोनी असन, नाव आठवून नाई राह्यलं. मंग मी म्हटलं, तुमी आजकाल माह्याशी बोलतच नाई. तवा तो थांबला आन् म्हन्ते, बाई, तुमचं काईतरी चुकून राह्यलं."

मी हसलो. काकू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "तवापासून मी फाटकाच्या बाहेर नाई गेली. लोकाइले गुडघे सांगतले."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. एकच नग छापतं का? बाहीवर छापतं का? हाताले समजलं पाह्यजे. मी ज्याला व्यवसायाची परीक्षा समजून हातावर लिहून घेत होतो, ती एका माणसाची खरेदी होती. आणि हे डोळे मिटून बाह्या धरत फिरणं! काकूंच्या बोटांना काय कळतं आणि काय कळत नाही, ते हा माणूस गावभर लोकांच्या बाह्या धरून शिकत होता. म्हणून तर निदान चुकायचं. डोळे असलेल्या माणसाला ते काही नीट जमत नव्हतं. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण मी क्रिएटिव्ह डायरेक्टर असल्यामुळे मोराची घडी घालत बसलो.

धरमपेठेतल्या बाईंनी मोर उलटासुलटा करून बघितला. "काम फारच सुरेख आहे," त्या म्हणाल्या, "पण वर्ध्याचा ब्रँड आमच्याकडे कोण घेणार?" एवढ्यात ते आटोपलं. सुनीता 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. तिनं कांदे परत खोलीत नेऊन ठेवले.

पण जाता जाता मला एक शेवटची कल्पना सुचली. कल्पना सुचण्याचा मला आजारच आहे. मी काकाजींना म्हणालो, "चला गजूकडे. तुमचा एक आणि माझे एकोणपन्नास. बाहीवर तुमचा बिल्ला, फुगीर शाईत. तीच आपल्या धामची खूण! सगळ्या वर्ध्याच्या बाहीवर दिसेल."

इतक्या दिवसांत काकाजी माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा ओरडले. "डोकं हाय का तुले? सगळ्याइच्या बाहीवर असला, तं तिनं धराचं कोनाले?"

एकेक नग छापायचा म्हणजे काय, हे मला सायबर कॅफेत वाचलेल्या कुठल्याही परदेशी पानावर असं कुणी समजावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गजूच्या दुकानात जाऊन बसले. वाद घातला नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची बाही धरायची, डोळे मिटायचे आणि "टेरीकॉट" म्हणायचं, एवढंच करत राहिले. दुपारपर्यंत गजू एक नग छापायला तयार झाला. काकाजींच्या पांढऱ्या शर्टाच्या डाव्या बाहीच्या काठाशी बिल्ल्यासारखा गोल आणि त्यात तीन आडव्या रेघा, पांढऱ्यावर पांढऱ्या. बघणाऱ्याला दिसणारही नाहीत अशा. इस्त्री फिरवली तशी शाई फुगून वर आली. गजू म्हणाला, "स्क्रीन ठेवून देतो, कामी पडन." काकाजींनी ती त्याच्या हातून घेतली, नळाखाली धरली आणि तिच्यावरचा गोल पार पुसला जाईपर्यंत घासून धुतली.

मी बियाण्याच्या कंपनीत परत गेलो. त्यांनी माझी जागा भरली नव्हती, यात माझा मान होता की कंपनीची दुर्दशा, हे मी शोधलं नाही. आणि चतुर्थीला आम्ही केळझरला गेलो. काकाजी, सुनीता, मी, आणि त्या बाहीवर घरीच अंगठा फिरवून बघून फाटकाबाहेर पडलेल्या काकू. काकू वर जाताना ठीक होत्या. उतरताना मागून माणसांचा एक लोंढा आला, हात सुटला, आणि मी बघितलं की काकू एका जागी उभ्या राहिल्या आहेत. आजूबाजूला सगळे पांढरे शर्ट. मीही पांढराच घालून गेलो होतो, धामचा, चित्र नसलेला, शिल्लक राहिलेला. काकाजी माझ्या पलीकडेच होते. त्यांनी हाक मारली नाही. मी तोंड उघडलं तर माझा दंड दाबला.

काकूंचा हात पुढे आला. आधी माझी बाही लागली. त्यांनी काठ चिमटीत धरला, अंगठा फिरवला आणि लगेच सोडून दिला.

"हा नाई," त्या म्हणाल्या.

धरमपेठेतल्या बाईंना मला नाकारायला जरा जास्त वेळ लागला होता. पण या नकारानं मला जेवढा आनंद झाला तेवढा धामच्या सबंध आयुष्यात झाला नव्हता. हात पुढे सरकला. काकाजींनी डावी बाही जरा पुढे केली होती. काकूंचा अंगठा काठावर आला, गोलावरून फिरला, एक रेघ, दुसरी, तिसरी, आणि तिथेच मूठ मिटली.

काकाजींनी डोळे मिटले होते. भर गर्दीत, उताराच्या मधोमध, लोक धक्के देत होते तरी.

"चला," काकू म्हणाल्या. "घर गळते त्याचं काय केलं मंग तुमी? मागच्या खेपेले सांगतलं होतं मी."

"मले कुठं सांगतलं?" काकाजी म्हणाले. "त्या दुसऱ्याले सांगतलं तुनं."

आणि दोघं भांडत भांडत खाली उतरले.